न वाळलेल्या कुरड्या

सौंसरला माझ्या भाड्याच्या खोलीत मी कूलरचं बटण दाबते आणि मागून कोणी बोलल्यासारखं वाटतं, "टाकलं घमेलं!" बोलणारा माणूस आता नाही. पण सवय अशी लावून गेला की बटण दाबताना अजून माझं बोट जरासं अडतं. मग मी मनातल्या मनात म्हणते, काका, शाळेतून थकून आली आहे हो, एक घमेलं माफ करा. आणि दाबतेच.

पांढुर्ण्याला माझी बदली झाली तेव्हा खोल्या पाहून पाहून माझे पाय सुजले होते. शेवटी काकांच्या घराशी आले. ओसरीत एक उंच, वाळका म्हातारा खुर्चीवर बसलेला, खांद्यावर दुपट्टा. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, नवरा कुठं असतो तेही नाही. पहिला प्रश्न काय, तर, "कूलर हाये का तुमच्यापाशी?"

मला वाटलं, कूलर असलेली भाडेकरू म्हणजे बऱ्या घरची, असा हिशोब असेल. मी म्हटलं, "आहे न. मोठा आहे."

"तं मंग दुसरी खोली पाहा."

आतून काकू धावत आल्या. "अहो, मास्तरीण हाये ते. राहू द्या. कूलर माळ्यावर टाकते म्हंते ते." मी असं काही म्हटलं नव्हतं. पण माझ्यात पुढच्या गल्लीपर्यंत चालायचं त्राण नव्हतं, म्हणून मी मान हलवली. माझा कूलर माळ्यावर गेला आणि मी ते घर सोडेपर्यंत तिथंच धूळ खात बसला.

काकांची सगळी नोकरी कोळशाच्या वीजघरात झाली होती. रेल्वेच्या वाघिणीतून कोळसा उतरतो, पट्ट्यावर चढतो आणि भट्टीत जातो, त्या खात्यात. रिटायर होऊन गावी आले ते डोक्यात एकच गोष्ट घेऊन. "बाई, माह्या नोकरीत म्या डोंगरच्या डोंगर जाळून टाकला," ते म्हणायचे. "तो धूर गेला कुठं? वर गेला. अन् आता उन्हाळा बनून खाली येऊन राहिला." पेपरात कार्बन हा शब्द दिसला की चष्मा पुसून पुन्हा वाचायचे, जसं काही कोणी ओळखीचं वारलं आहे. घरात कोणी दिवा लावला, मिक्सर फिरवला, इस्त्री गरम केली की ओसरीतून हाक यायची, "टाकलं घमेलं!" म्हणजे तिकडं भट्टीत कोळशाचं एक घमेलं पडलं. एकदा गल्लीतल्या पूजेला लायटिंगची माळ लागली तर हे मांडवात सगळ्यांसमोर उभे राहून घमेली मोजायला लागले. भटजी मंत्र विसरला.

बोलून थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी घरच सुधारायला घेतलं. चांगलं पक्कं, स्लॅबचं, बैठं घर होतं. दर उन्हाळ्याआधी ते फाल्गुनात गच्चीवर चढायचे आणि चुन्याची बादली घेऊन पूर्ण गच्ची पांढरी फटक करायचे. म्हणून गल्ली त्यांना चुनेवाले काका म्हणायची. मग कुंभाराकडून मडकी आणली, ती गच्चीवर उलटी ओळीनं बसवली आणि फटी बुजवल्या. मडक्यांवर ओली पोती. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पऱ्हाटी बांधली. शेतातला कापूस निघाला की उरते ती वाळकी झाडं, लोक चुलीत घालतात, यांनी भिंतीला नेसवली. जुने बल्ब गेले, कमी विजेचे आले. खिडकीला वाळ्याचे पडदे. वरच्या बाजूला गरम हवा निघायला झरोके. दाराच्या फटीत काकूंच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ठासलेल्या. दार उघडलं की लुगड्याचा काठ बाहेर यायचा आणि काकू म्हणायच्या, "हे पाहा बाई, माह्या भावानं भाऊबीजेले घेतलेलं लुगडं. दारानं नेसलं."

भाताची गोष्ट वेगळीच. लाकडी पेटीत कापसाची रुई भरून त्यांनी एक जागा केली होती. तांदळाला एक उकळी आली की पातेलं गॅसवरून उतरवून त्या पेटीत ठेवायचं आणि झाकण लावून बसायचं. भात आपला आपण शिजतो. खरंच शिजायचा. पण जेवायला पाहुणा आला की काकूंनी काय सांगावं? "बसा जरा, भात झोपला हाये."

उन्हाळ्याच्या तोंडावर ते पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरायचे. दाराच्या कडेनं, खिडकीच्या चौकटीनं, हळूहळू. धूर जिथं थरथरला तिथून झळ आत शिरते, ती फट बुजवायची. समोरच्या घरची नवी सून हे पाहून रोज आपल्या दारातून हात जोडायची. तिला वाटायचं म्हातारा दाराची पूजा करून राहिला आहे. आठवडाभरानं तीही उदबत्ती घेऊन तिच्या दाराला ओवाळताना दिसली.

आणखी एक खोड म्हणजे कोणाच्याही घरी गेले की भिंतीला गाल लावून पाहायचं. तापली आहे का, किती तापली आहे. हाताला कळत नाही, गालाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. एका ओळखीच्याकडे आई वारली म्हणून भेटायला गेले. तिथंही भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभे. घरच्यांना वाटलं, रडून राहिले. घरचा मोठा मुलगा बिचारा उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. तर हे म्हणतात, "भाऊ, पश्चिमेची भिंत फार तापली रे. पऱ्हाटी बांध." मी शेजारी बसले होते. जमीन दुभंगती तर बरं, असं वाटलं मला.

तुम्ही म्हणाल, काकू काही बोलत नव्हत्या का? काकू सावरगावच्या. म्हणजे नदीच्या पलीकडच्या. काका पांढुर्ण्याचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही गावं दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे फेकायला लागली की काका म्हणायचे, "आमच्या घरी तं बारा महिने गोटमार हाये." काकू भांडायच्या, पण ते भांडण तव्यावरच्या पाण्यासारखं होतं, चर्र झालं की संपलं. दिवसातून शंभरदा "अहो, आयकलं का?" अशी हाक जायची. कधी डबा काढून द्यायला, कधी गॅस लावायला, कधी नुसतंच. माझ्या खोलीची भिंत मधे होती तरी मला तो आवाज पाठ झाला होता.

त्यांना एकच मुलगी. ताई नागपूरला दिलेली. एका वर्षी दिवाळीत ती आली आणि काकूंच्या कानात काही सांगून गेली, तेव्हापासून घराचा नूरच बदलला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. दुसरं सासरी झालं तरी चालतं, पण पहिल्याला पोरगी आईपाशी पाहिजे. बाळंतपणाचे दिवस होते मेच्या अखेरचे. आणि ताईच्या सासूबाईंनी फोनवर सरळ सांगितलं की मे महिन्यात एसीशिवाय पोरीला पाठवणार नाही. "तुमच्याकडं तं साधा कूलर पण नाही म्हणते सूनबाई."

त्यांचंही काय चुकलं? पहिलटकरीण, त्यात आमच्याकडचा मे. उन्हात ठेवलेली बादली हाताला भाजते. काकू रडल्या. म्हणाल्या, "एवढ्यापुरता एसी लावून टाका, मंग काढून टाका." काका दोन दिवस ओसरीत गप्प बसले. घमेलंसुद्धा नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी उठले आणि म्हणाले, "ज्या लेकराले आणाचं त्याच्याचसाठी धूर सोडू का? त्याले तं अख्खी जिंदगी काढाची हाये या उन्हात. खोली मी थंडी करतो. तू फक्त पोरगी आण."

माझ्या खोलीला लागून एक खोली होती, ती ताईची. आधी जे केलं होतं ते सगळं हात साफ करायला होतं असं वाटावं इतकं त्यांनी त्या खोलीसाठी केलं. मडकी दुप्पट. आत बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छत, मधे जिनिंगच्या कारखान्यातून आणलेली रुई. खिडकी पूर्वेची मोठी केली, पश्चिमेची बुजवली. कमी विजेचा पंखा आणला, तोही ठोकून बजावून, "हा फक्त पाहुण्यांच्या समाधानासाठी." छताला पाळण्याचा आकडा बसवला आणि स्वतः त्याला लटकून पाहिलं. मी शाळेतून दमून यावं, मुलांच्या वह्या तपासायला बसावं, तर पलीकडून ठकठक. नाकी नऊ आले होते माझ्या. पण मार्चमध्ये एक दिवस चावी शोधत मी त्या खोलीत गेले आणि उभीच राहिले. बाहेरून उन्हातून आल्यावर रांजणापाशी बसावं तसं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. आता म्हातारपणात कोणी कोणासाठी एवढं करते का?

काकूंनाही पटलं होतं, बोलल्या नाहीत इतकंच. दुपारी माझ्या खोलीत येऊन त्या गोधडी शिवायच्या. इवलीशी, बाळापुरती, जुन्या मऊ लुगड्यांची. काका दारात उभे राहून हसले, "मे महिन्यात गोधडी? डोकं फिरलं का तुह्यं?"

काकू दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "तुमी म्हंता न खोली थंडी राहीन म्हणून. मंग लेकराले लागन न गोधडी."

 काका बाहेर जाऊन उगाच पऱ्हाटीच्या दोऱ्या ओढत बसले. खूश होते.

आणि मग कुरड्या झाल्या.

पोरीच्या सासरी वाळवण पाठवायचं, तेही पहिल्या खेपेला, म्हणजे काकूंची इज्जत. तीन दिवस गहू भिजवले, दळले, चीक काढला, पहाटे उठून शिजवला. दरवर्षी त्या शेजारणीच्या गच्चीवर कुरड्या घालायच्या, कारण आपल्या गच्चीवर चुना आणि मडकी. त्या वर्षी शेजारणीकडे गच्चीचं काम निघालं होतं. काकूंनी म्हटलं, आपल्या गच्चीचा एक कोपरा मोकळा आहे, तिथं चादर टाकू. काका दुधाला गेले तेवढ्यात आम्ही दोघींनी पांढऱ्या शुभ्र कुरड्या घातल्या. साच्याचा दांडा फिरवून माझे खांदे भरून आले. काकू कंबरेवर हात ठेवून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाईनं अशा पाहिल्या नसतील."

आमच्याकडच्या उन्हात कुरडई संध्याकाळपर्यंत कडक होते. या नाही झाल्या. वरून पापुद्रा धरला, खालून ओल्याच. चुना तापेना, आणि मडक्यांवरच्या पोत्यांचं पाणी झिरपून चादरीखाली येत होतं. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू गच्चीवर गेल्या आणि वरूनच किंचाळल्या. मी धावले. आंबट वास नाकात गेला. सगळ्या कुरड्या आंबल्या होत्या, काही पिवळ्या पडल्या होत्या. काकू तिथंच बसल्या, हातात एक कुरडई, ती ओल्या कणकेसारखी लोंबत होती.

मागून काका आले. त्यांनी वास घेतला. चादर उचलली. आणि ते खाली वाकून, गुडघे टेकून गच्चीला गाल लावून बसले. चांगले मिनिटभर. उठले तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला भीतीच वाटली.

"अवं, वाळल्याच नाही! एप्रिलच्या उन्हात वाळल्या नाही! म्हणजे काय? म्हणजे गच्ची थंडी हाये!"

"पोरीच्या सासरी पाठवाच्या होत्या ह्या," काकू हळूच म्हणाल्या.

"पाठवू न!" काका म्हणाले. मला वाटलं, दुसऱ्या करून पाठवू असं म्हणून राहिले. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या डोळे पुसून उठल्या.

पुढच्या रविवारी काका म्हणाले, "बाई, नागपूरले चाला माह्यासंग. पोरीले आणाची बोलणी कराची हाये. तुमी मास्तरीण, त्याच छताखाली राह्यता. तुमची साक्ष लागन." मला बहिणीकडे जायचंच होतं. काकूंनी बेसनाचे लाडू दिले, विहिणीला साडी दिली. काकांच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता, तो ते बसमध्येही कोणाला धरू देत नव्हते. मला वाटलं, काकूंनी काही खास पाठवलं असेल.

ताईचं सासर चौथ्या मजल्यावर. खोली बंद, काचा बंद, एसी सुरू. काका आत शिरले आणि दुपट्टा डोक्याला गुंडाळून बसले. ओठ हलत होते. मी ओळखलं, घमेली मोजून राहिले. विहीणबाई बऱ्या होत्या, खोटं कशाला बोलू. सरबत आणलं, साडीला हळद-कुंकू लावलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बापाकडं पाहून हसत. तिला यायचं होतं. तिची बॅगसुद्धा भरलेली होती, ते मला नंतर कळलं.

काकांनी खोलीचं वर्णन केलं. मडकी, रुई, झरोके. विहीणबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "ते ठीक आहे हो व्याहीबुवा, पण आम्ही कसं मानायचं? तुम्ही तं म्हणालच."

"म्हणून तं पुरावा आणला," काका म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

त्या बंद खोलीत तो वास असा पसरला की विचारू नका. बाप्पा बाप्पा! विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. जावईबापू उठून खिडकी उघडायला गेले, ती उघडेचना. आणि काका बोटानं एक एक कुरडई उचलून दाखवत होते. "पाहा! एप्रिलमधे! तीन दिवस गच्चीवर! एक वाळली नाही! आता बोला."

मी कपाळाला हात लावला. मी काही बोलणार, तेवढ्यात ताई आली, तिनं वास घेतला, आणि तिला मळमळून आलं. ती तोंडावर हात धरून आत पळाली. आतून उलटीचा आवाज आला.

विहीणबाईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट. त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, पहिलटकरणीच्या घरी आंबलेलं वाळवण घेऊन आले तुम्ही. असं कोणी करते का? माणसं शत्रूच्या घरी पण असं नेत नाही. पोरगी इथंच बाळंत होईल."

"अहो पण खोली..."

"खोली राहू द्या आता."

ताई चेहरा धुऊन बाहेर आली. बापाजवळ बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "बाबा, तुम्ही पण न," एवढंच म्हणाली. डब्याचं झाकण तिनंच लावलं.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. सावनेर मागं गेलं तेव्हा म्हणाले, "बाई, पण गच्ची तं थंडी हाये न?"

मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकी कीवही. मी म्हटलं, "काका, आहे. पण गच्चीला नातवंड होणार नाही."

 घरी आल्यावर काकूंना त्यांनी स्वतः सांगितलं, ओसरीत उभं राहून, सगळं. डब्याचंही. काकूंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता गोटे पडतील. काही नाही. त्या आत गेल्या, इवली गोधडी घडी करून ट्रंकेत टाकली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. काकू दारात येऊन म्हणाल्या, "बाई, त्यांना सांगा चहा झाला." काका हातभर अंतरावर बसले होते. मी म्हटलं, "काकू, ते इथंच तर आहेत." "हो, सांगा न त्यांना."

तेव्हापासून "अहो, आयकलं का" बंद. गल्लीत म्हणायचे, सावरगावची लेक आहे, मारलेला गोटा परत घ्यायची नाही. आधी मी हसून नेलं, महिनाभरात संपेल म्हणून. मग ताईला मुलगा झाला, नागपूरला, एसीच्या खोलीत, सुखरूप. बारशाला दोघं एकाच बसनं गेले आणि मधल्या सीटवर मी. "बाई, त्यांना सांगा सावनेर आलं." "बाई, तिले म्हणा, माहीत हाये." कपाळ माझं. मुलांना दिवसभर शिकवून घरी यावं आणि दोन म्हाताऱ्यांची टपाल वाहावं. किती वर्षं केलं मी हे! कंटाळा यायचाही कंटाळा आला होता. मी किती वेळा म्हटलं की काकू, सोडा आता. त्या म्हणायच्या, "माह्यी पोरगी बाळंतपणात माह्या हातानं न्हायली नाही बाई. आता दुसऱ्या खेपेले तं येणारच नाही." 

ताई दिवाळीला यायची, संक्रांतीला यायची. उन्हाळ्यात नाही. उन्हाळ्यात पांढुर्णा म्हटलं की विहीणबाई कानावर हात ठेवायच्या. खोली रिकामी. पाळण्याच्या आकड्याला काकूंनी कांद्याची टोपली टांगली. पूर्ण उन्हाळाभर त्यातला एक कांदा सडला नाही. काकांनी ते पाहिलं, मी त्यांना पाहताना पाहिलं. पण या वेळी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उदबत्ती घेऊन फिरणं बंद झालं. लोकांच्या भिंतींना गाल लावणंही. कान गेले, गुडघे गेले. फक्त फाल्गुनात चुना चुकला नाही. शिडी मी धरायची. एकदा मी चिडून विचारलं, "काका, आता कोणासाठी?" वरून म्हणाले, "उन्हाळा तं येतेच न बाई."

मग एका मे महिन्यात माझ्या सौंसरच्या बदलीचा आदेश आलेला होता. शाळेला सुट्टी, मी सामान बांधत होते. दुपार होती, गल्लीत कुत्रं नव्हतं. दाराशी गाडी थांबली. विहीणबाई, ताई आणि ताईचा मुलगा. तो आता शाळेत जाऊ लागला होता. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला आले होते आणि परतताना गाडीचा एसी बंद पडला; नागपूर लांब, पांढुर्णा जवळ. मुलगा तापल्यासारखा लाल झाला होता, रडून रडून त्याचा घसा बसला होता. विहीणबाईंना उतरावंच लागलं. "थोडा वेळ टेकू," म्हणाल्या. "ऊन उतरलं की निघू."

काकूंनी त्या खोलीचं दार उघडलं. कांद्याची टोपली काढली. चटई टाकली, पंखा लावला. गुळाचं पाणी दिलं. मुलगा पाणी प्यायला आणि आडवा झाला तसा झोपला. ताई त्याच्याजवळ लवंडली. विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या, मग त्याही आडव्या झाल्या. काका ओसरीत आपल्या खुर्चीवर होते, कोण आलं ते त्यांनी पाहिलं होतं, पण उठले नाहीत. मी दोऱ्या बांधत होते. माझ्या दोन पेट्या बांधून झाल्या.

मग विहीणबाई दारात आल्या, केस सुटलेले, डोळ्यांत झोप. काकूंना म्हणाल्या, "विहीणबाई, तो पंखा बंद करा बरं जरा. लेकराला गार लागून राहिलं. पाय पोटाशी घेऊन झोपला आहे." आणि जांभई देत परत आत जाऊन पडल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

काकूंच्या हातात ताकाचा पेला होता. त्यांनी तो माझ्या ट्रंकेवर ठेवला. ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, आयकलं का?"

माझ्या हातातली दोरी सुटली. काकांनी मान वळवली. पण कान गेलेले, आणि सवय तर काय, पक्की झालेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, काय म्हणून राहिली ते?"

"मी नाही सांगत," मी म्हटलं.  "इतकी वर्षं सांगितलं. आता त्याच सांगतील."

काकू त्यांच्या खुर्चीजवळ गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "लेकराले गार लागून राहिलं म्हंते! पंखा बंद करा म्हंते!"

मला वाटलं, आता म्हातारा उठेल, गल्ली गोळा करेल, विहिणीला उठवून पुन्हा वदवून घेईल. काका तसेच बसले. मग त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "अवं, ते गोधडी कुठं ठेवली होती तू?"

काकूंनी आपली ट्रंक उघडून गोधडी काढली. आम्ही तिघं आवाज न करता खोलीत गेलो. मुलगा एका अंगावर, खरंच पाय पोटाशी घेऊन झोपला होता. काकूंनी गोधडी त्याच्या अंगावर घातली. ती बाळापुरती शिवलेली, गुडघ्यापर्यंतच पुरली. काकूंनी खाली ओढून पाहिली तर खांदे उघडे पडले. तेव्हा काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मुलाच्या पायांवर टाकला आणि जाऊन पंख्याचं बटण बंद केलं.